आत्याच्या हाताचा वेळ

“हळू म्हणजे किती हळू?” आत्यानं विचारलं.

“हळू म्हणजे हळू. चारचौघींसारखं,” दादा म्हणाला.

जिच्या हाताला व्यापारी ‘वीज’ म्हणायचे, जिची टोपी शिवून खाली पडेपर्यंत शेजारची बाई अजून सुईत दोराच ओवत असायची, तिला तिचा सख्खा भाऊ कटिंगच्या खोलीचं दार लोटून, कापडाच्या ताग्यांआड उभा राहून सांगत होता की आज चारचौघींसारखं शिव. आत्याला हसूही आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे तोंडातून नुसतं “हं” एवढंच बाहेर पडलं.

“हं काय, हं? मुलं अकराला येणार. तुला एक टोपी शिवायला लावतील, घड्याळ लावतील, वहीत लिहितील, चहा घेतील आणि जातील. एका टोपीचा प्रश्न आहे. सोमवारपासून तू विमानासारखी शिव, तुला कोण अडवतंय?”

“आणि सोमवारपासून बायकांचा आकडा?”

“आहे तोच.”

“मग मुलांना दाखवायचं ते काय?”

दादानं कपाळाला हात लावला. “अगं बाई, तेच तर सांगतोय मघापासून!”

कारखान्यात नवा कपडा आला की पहिला नमुना आत्या शिवणार आणि शेजारी दादा घड्याळ घेऊन उभा राहणार, ही रीत अण्णांच्या वेळेपासूनची. अण्णा म्हणजे या दोघांचे वडील, दोन जुन्या मशीनवर हा कारखाना उभा करणारे. कुणी व्यापारी आला की ते आत्याला वरून हाक मारून बोलवायचे. ती तेव्हा चौदाची असेल. तिला मशीनवर बसवायचे आणि व्यापाऱ्याला म्हणायचे, “बघा, आता डोळे मिटू नका हं, नाहीतर बघायचं राहून जाईल!” आज एवढी वर्षं झाली, पण ते आठवलं की आत्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

तर तिला नमुन्याला जेवढा वेळ लागेल तो ‘आत्याचा वेळ’. त्यावरून सगळ्या बायकांचा दिवसाचा आकडा ठरायचा. कॉलेजच्या हुडीला टोपी शिवून जोडायची आणि आतून गळ्याला पट्टी लावायची, याला आत्याला लागली होती चार मिनिटं दहा सेकंद. म्हणून दिवसाला शंभर टोप्या. शंभर झाल्या की दिवसाची पूर्ण मजुरी. झाल्या नाहीत तर होईपर्यंत बसायचं. आत्याच्या शंभर टोप्या साडेचारला व्हायच्या. बाकीच्या अकरा जणींच्या किती वाजता होतात ते तिला ठाऊक नव्हतं, कारण पावणेपाचला ती जिना चढून वर घरात गेलेली असायची आणि खिडकीत पाय वर घेऊन बसलेली असायची.

“आणि पोरीला काय सांगायचं?” आत्यानं हळूच विचारलं.

“कुठल्या पोरीला?” दादा म्हणाला, जसं काही त्याला दहा-बारा मुली होत्या. “मी तिच्याशी बोलत नाही.”

हे मात्र खरं होतं. आठ दिवस बापलेक बोलत नव्हते. जेवताना दादा वहिनीला म्हणायचा, “तिला सांग, मीठ इकडे दे.” मग ती वहिनीला म्हणायची, “आई, त्यांना सांग, मीठ त्यांच्या कोपराजवळच आहे.” वहिनी बिचारी दोघांच्या मध्ये बसून टेलिफोनच्या तारेसारखी झाली होती.

दादाची ही लेक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात तिला सगळे ‘पुढारीण’ म्हणायचे. नाव दादानंच ठेवलेलं, चिडून. आता ते तिला शोभून दिसत होतं, हा त्याचा आणखी एक वैताग. पण शोभायचं का नाही? गेल्या वर्षी तिनं जे केलं ते करायला छाती लागते. कॉलेजचे शर्ट तेव्हा कुठल्याशा लांबच्या कारखान्यातून यायचे. तिथे बायकांना बाहेरून कडी लावून बसवतात हे मुलांना कळलं. पुढारीण आणि तिच्या मैत्रिणी प्राचार्यांकडे गेल्या. ते म्हणाले, कपडे कोण शिवतं हे बघणं कॉलेजचं काम नाही. ठीक आहे! दुसऱ्या दिवशी चाळीस मुलं-मुली शर्ट उलटे घालून वर्गात. शिवणी बाहेर, दोऱ्यांची टोकं बाहेर, गळ्याचं लेबल शेपटीसारखं लोंबतंय. “हे काय ध्यान?” असं प्राचार्यांनी विचारल्यावर पुढारीण शांतपणे म्हणाली, “सर, कुणीतरी बसून शिवलंय. ते दिसावं म्हणून.”

तिसऱ्या आठवड्यात नऊशे जण उलट्या शर्टात. फुटबॉलचा संघसुद्धा तसाच मैदानात उतरला. पाठीवरचे आकडेच दिसेनात, तेव्हा पंचानं शिट्टी खिशात टाकली आणि सामना थांबवला. शेवटी प्राचार्यांनी हात टेकले. कपडे कुठून घ्यायचे याचे नियम मुलांनी लिहायचे असं ठरलं. दार उघडं हवं, कामाच्या वेळेत घर चालेल एवढी मजुरी मिळायला हवी, असे सगळे नियम. शेवटचा पुढारीणच्याच अक्षरात: ‘तपासणीत खोटं दाखवलं तर ऑर्डर त्याच दिवशी रद्द.’

आणि मग हुडीची ऑर्डर आली ती दादाच्याच कारखान्याला. पुढारीणनं वशिला लावला म्हणावं, तर कारखाना निवडायच्या मतदानाच्या दिवशी ती बाहेर जाऊन उभी होती. दादानं तेव्हा गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं होतं, “आपली पोर हो!” आता मुलांनी कळवलं की दिवसाचा आकडा कसा ठरतो ते बघायला येतो, तर तीच पोर एकदम ‘तिला सांग’ झाली.

*

अकराला मुलं आली. दोघंच होती, आणि तिसरी पुढारीण. पण ती दाराशीच थांबली.

“मी आत बोलणार नाही,” ती म्हणाली. “माझं घर आहे. हे दोघं बघतील.”

त्या दोघांतली एक होती जाड चष्म्याची, हातात वही, आणि चेहरा असा की प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर खोटं निघणार अशी तिची खात्री असावी. दुसरा उंच, इतका उंच की कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवरच्या दिव्याला त्याचं डोकं लागलं. पुढारीण त्याला ‘खांब’ म्हणायची आणि तो ओ द्यायचा.

दादाचा उत्साह नुसता उतू जात होता. “या, या! हे पंखे बघा, नवीन आहेत. ही आगीची बादली. वाळू आहे बरं का आत, हात घालून बघा. हे मागचं दार, कधीही बंद नसतं. लावा, उघडा, लावा, बघा!”

खांबानं खरंच दार लावून, उघडून बघितलं. चष्मेवालीनं वाळूत हात घातला. बायका मशीनवर मान खाली घालून हसत होत्या.

“काका, छान आहे सगळं,” चष्मेवाली म्हणाली. “आता तो वेळ बघायचा?”

“बघू की! आमची बहीण शिवून दाखवेल. दर वेळी हीच शिवते नमुना. बस गं.”

आत्या बसली. टोपीचे दोन तुकडे, हुडीचं धड, पट्टी, सगळं डाव्या हाताला लावून ठेवलेलं. तिनं पेडलवर पाय ठेवला आणि पायाला सांगितलं, बाबा, आज हळू.

चष्मेवालीनं घड्याळाचा खटका दाबला.

पहिली शिवण. आत्यानं मशीन मध्येच थांबवलं, तुकडा उगीचच सरळ केला, जो सरळच होता. पुन्हा चालवलं. पुन्हा थांबवलं. कडेला येऊन दोरा तपासला, जो ठणठणीत होता. कपाळावर घाम आला. पळणाऱ्या माणसाला कुणी रांगायला लावावं तसं तिला होत होतं. मशीनचा आवाजच वेगळा येत होता, अडखळत, लंगडत, कुणी दुसरंच बसल्यासारखा. बायकांनी आपापली मशीनं थांबवली. हसणं केव्हाच बंद झालं होतं. गळ्याच्या पट्टीशी तर आत्यानं सुई वर करून चक्क खिडकीबाहेर बघितलं. मग शेवटची शिवण मारली, दोरा तोडला.

“पाच मिनिटं पन्नास सेकंद,” चष्मेवालीनं वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. “पण काका, या वेळेनं तर तुमचा शंभरचा आकडा...”

“तो कागदावरचा जुना आकडा,” दादा घाईघाईनं म्हणाला. “आता सत्तरच धरा. सत्तर!”

“मग तर चांगलंच आहे!” खांब म्हणाला. चष्मेवाली लिहू लागली.

आत्यानं मान वर केली आणि सहज दाराकडे बघितलं.

पुढारीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला कळलं होतं. न कळायला काय झालं? ही पोर याच आवाजावर मोठी झालेली. पाळण्यात असताना आत्याचं मशीन थांबलं की ही रडायची आणि सुरू झालं की झोपायची. वीज कशी वाजते आणि वीज लंगडल्याचं नाटक कसं वाजतं, हे तिच्या कानाला सांगावं लागत नव्हतं. तिनं एकदा आत्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. तोंड उघडलं. आणि मिटलं. आणि मग मान खाली घातली.

बस्स, एवढंच केलं तिनं. पण ते बघून आत्याचा पाय पेडलवरून खाली आला.

प्राचार्यांपुढे न झुकलेली मान ती. नऊशे जणांसमोर टेबलावर चढून बोलणारी पोर. ती आता स्वतःच्या चपलांकडे बघत उभी होती, बापाचं खोटं गिळून. आणि ते खोटं शिवलं होतं कुणी? आत्यानं.

“थांब गं पोरी,” आत्या चष्मेवालीला म्हणाली. “तो आकडा खोड.”

“काय?” चष्मेवालीचं पेन थांबलं.

“ए...” दादा म्हणाला.

“खोड म्हणते ना! मी मुद्दाम हळू शिवलं. मला सांगितलं होतं. दुसरी टोपी घे, घड्याळ लाव, आणि आता डोळे मिटू नकोस.”

कुणाला काही बोलायला सवडच मिळाली नाही. आत्यानं नवे तुकडे ओढले आणि पेडल दाबलं. आणि मग वाजलं ते तिचं मशीन! एका दमात टोपीची कमान, वळण, गळा, तुकडा फिरला केव्हा आणि पट्टी खाली सरकली केव्हा ते दिसलंसुद्धा नाही. खांबाचं तोंड उघडं राहिलं. मागच्या रांगेतल्या एका बाईनं टाळी वाजवायला हात उचलले आणि दादाकडे बघून पुन्हा मांडीवर ठेवले.

“चार... चार मिनिटं आठ सेकंद,” चष्मेवाली म्हणाली.

“हा खरा. यावरून शंभर ठरलेत. आजही शंभरच आहेत, सत्तर नाहीत.” आत्या दम घेत म्हणाली. तिला बरं वाटत होतं आणि खोटं कशाला सांगा, थोडा अभिमानही वाटत होता. आधीपेक्षा दोन सेकंद कमी लागले होते.

पण चष्मेवाली टाळ्या वाजवणाऱ्यांतली नव्हती. तिनं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि विचारलं, “आणि बाकीच्यांना किती लागतात?”

आत्यानं मागच्या मशीनांकडे वळून बघितलं. खरंच, किती लागतात?

“मावशी, तुम्ही शिवाल एक?” खांबानं शेवटच्या मशीनवरच्या बाईंना विचारलं. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा. अण्णांनी कामाला ठेवलेल्यांतल्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. मान वाकडी करून, नाक जवळजवळ सुईला लावून शिवायच्या.

“मी कशाला? मला हसाल,” मावशी म्हणाल्या, पण बसल्या.

मावशी शिवत होत्या तेव्हा आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचे हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितले. मावशी कुठेच थांबल्या नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही, दोरा उगीच तपासला नाही. प्रत्येक वळणावर त्या दोन बोटांनी कापड जरासं आत घेत होत्या, म्हणजे अंगात घातल्यावर गळा चोळू नये. आत्या असं कधी करत नव्हती. तिला वेळच नव्हता.

“सहा मिनिटं वीस सेकंद.”

म्हणजे नाटक करकरूनसुद्धा आत्या मावशींच्या पुढेच होती! हळू म्हणजे किती, हे तिला नाटकातही जमलं नव्हतं.

“मावशी, तुमच्या शंभर कधी होतात हो?” तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

मावशींनी दादाकडे बघितलं, मग सांगून टाकलं. “आठ तरी वाजतात. घाईत पट्टी उसवली तर साडेआठ. रागावू नका हं आत्या, तुमचा हात देवानं दिलेला आहे. पण तो सगळ्यांना थोडाच दिलाय?”

*

चष्मेवालीनं वहीचं शेवटचं पान उघडलं. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

“काका, नियमात असं आहे की...”

“मला माहीत आहे नियमात काय आहे!” दादा ओरडला. “माझ्याच घरात लिहिलाय तो! जेवणाच्या टेबलावर बसून!”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पुढारीण आत आली. डोळे भरलेले, पण मान वर.

“लागू करा,” ती चष्मेवालीला म्हणाली. “बाबा आहेत म्हणून सोडू नका. दुसऱ्या कुणाचा कारखाना असता तर सोडला असता का?”

आठ दिवसांनी ती बापासमोर उभी राहून बोलली, आणि बोलली ते हे! दादा असा बघत राहिला जसं कुणी त्याच्या हातातलं भरलेलं ताट काढून घेतलंय. त्या क्षणी आत्याला त्याची इतकी दया आली आणि त्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की कुणाच्या शेजारी जाऊन उभं राहावं ते तिला कळेना. ती मधोमध उभी राहिली.

“झालं?” मागून मावशी म्हणाल्या. “आता आमचं कुणी विचारणार का?”

सगळे वळले.

“नियम आमच्यासाठी केलात ना तुम्ही? मग रद्द करा ऑर्डर आणि जा घरी. सोमवारी मी इथे येऊन काय शिवू? रुमाल? खोटं यांनी दाखवलं. खरंही इथल्याच बाईनं सांगितलं, तुमच्या धाकानं नाही, आपणहून. ते कुठल्या नियमात बसतं ते बघा जरा.”

चष्मेवाली गोरीमोरी झाली. खांबानं तिच्या कोपराला हात लावला. “आपण बाहेर जाऊन बोलू या,” तो म्हणाला. दोघं बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. पुढारीणनं जायला पाऊल उचललं, मग मागे घेतलं. घर तिचं होतं, ती घरच्यांत राहिली.

दार लोटलं जाताच दादा आत्यावर उलटला.

“चाळीस वर्षांत मी तुला कधी काही मागितलं? एक टोपी मागितली! तू माझ्या बाजूची की तिच्या?”

“मी तुझ्याच बाजूची आहे, म्हणून तर सांगितलं,” आत्या म्हणाली. “तुझी पोर तुझ्यासाठी खोटं गिळत होती, दादा. तू बघितलं नाहीस. मी बघितलं. ती जर आज ते गिळून गेली असती ना, तर घरी आपल्याला ती परत मिळाली नसती. नुसतं ‘तिला सांग, मीठ दे’ एवढंच राहिलं असतं जन्मभर.”

“अण्णांनी घालून दिलेली रीत आहे ती!”

“अण्णा मला खेळातल्या बाहुलीसारखं नाचवायचे आणि मी नाचायचे, कारण लोक वाहवा करायचे. मला वाटायचं, माझ्या हातामुळे कारखाना चालतो. माझ्या हातामुळे या सगळ्या जणी आठ वाजेपर्यंत बसतात हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलंही नाही, कारण मी वर खिडकीत बसले होते!”

“आठला नाही,” वहिनी म्हणाली.

इतका वेळ ती तपासणीच्या टेबलापाशी उभी होती, हातात कात्री घेऊन, धागे कापत. या घरात आल्यापासून ती नवऱ्याच्या विरोधात एक शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फक्त एकदा पंख्यांच्या रंगावरून बोलली होती.

“कधीकधी नऊ होतात. दिवे मी बंद करते ना, मला माहीत आहे. इतकी वर्षं मी वर येऊन तुम्हाला वाढते आणि तुम्ही म्हणता, उशीर का झाला? मी म्हणते, झाला. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, कशानं झाला?”

“आई!” पुढारीण म्हणाली, आणि त्या एका शब्दात एवढं आश्चर्य होतं की पुढच्या रांगेतल्या बायकांना हसू फुटलं.

“आई काय, आई? तू नियम लिहिलेस नऊशे जणांना विचारून. खाली येऊन मला कधी विचारलंस?”

पुढारीणची मान पुन्हा खाली गेली. पण ही वेगळी होती. ही चूक कळल्यावरची मान होती, आत्याला त्यातला फरक बरोबर दिसला.

दादा कटिंग टेबलाला टेकून बसला. बायको, बहीण, मुलगी, आणि मागे अकरा मशीनवरच्या अकरा जणी. त्याच्या बाजूला फक्त वाळूची बादली उरली होती.

“आकडा खाली आणला तर हुडीचा भाव वर जाणार,” तो शेवटी म्हणाला. आता ओरडत नव्हता. “मुलं उलटे शर्ट घालतील, घोषणा देतील. पण जास्तीचं द्यायची वेळ आली की? तेव्हा मी काय करू?”

“ते त्यांनाच विचार,” आत्या म्हणाली. कारण दोघं आत येत होती.

चष्मेवालीनं वही मिटलेली होती. “नियम आम्ही बदलत नाही,” ती म्हणाली. “पण आम्ही एक ओळ वाढवतो. खोटं दाखवणाऱ्याच्याच घरातून त्याच दिवशी, न विचारता, खरं सांगितलं गेलं, तर बायकांना विचारून ठरवायचं. मावशींचं बरोबर आहे. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.” मग तिनं दम घेतला. “ऑर्डर राहील. पण वेळ आत्यांच्या हाताचा धरायचा नाही. आणि पुढच्या महिन्यात आम्ही परत येणार, न सांगता.”

“आणि भाव?” दादानं विचारलं.

“हुडीच्या पाठीवर छापायचं चित्र काढून टाका,” खांब म्हणाला. “छपाईचे तीन रंग वाचतील. भाव वाढला तर काय, म्हणून गेल्या आठवड्यातच आम्ही मतं घेतली होती कॉलेजात. सातशे बारा जण म्हणाले, चित्र नसलं तरी चालेल, पण शिवणाऱ्यांना नीट मिळू दे.”

“सगळेच?”

“चौदा जणांना चित्र हवं होतं.” खांबाचे कान लाल झाले. “त्यातला एक मी. चित्र मी काढलं होतं. पण ठीक आहे.”

दादा त्या उंच मुलाकडे बराच वेळ बघत राहिला. एवढं लांबलचक पोर, स्वतःचं चित्र पुसायला स्वतःच आलंय. दादाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. आत्या त्याला लहानपणापासून ओळखत होती. तो हरला की असा दिसायचा नाही. त्याला कुणी आवडलं की असा दिसायचा.

“मग वेळ कुणाचा धरायचा?” त्यानं विचारलं.

“माझा नको!” मावशी लगेच म्हणाल्या. “जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडतील.”

“माझाही नको,” पुढच्या मशीनवरची म्हणाली. मग सगळ्याच, नको गं बाई, तुझाच धर, तुझाच चांगला आहे, असा गलका झाला. एवढी वर्षं सगळ्यांचं माप होऊन बसणं किती जड असतं ते आत्याला तेव्हा कळलं, आणि ती ते किती मिरवत होती तेही.

“सगळ्यांचे घेऊ,” पुढारीण म्हणाली. “अकराही जणींचे. मग जी बरोबर मध्ये येईल तिचा.” आणि तिनं बापाकडे बघितलं. “चालेल, बाबा?”

सरळ. मध्ये आई नाही, तार नाही.

“चालेल,” दादा म्हणाला. “घड्याळ कोण धरणार?”

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं हात पुढे केला. गंमत म्हणजे हे घड्याळ तिनं कधी हातात घेतलंच नव्हतं. ते नेहमी तिच्यावर रोखलेलं असायचं.

पहिल्या मावशीच बसल्या. एकदाचं उरकून टाकलं की सुटले, असं म्हणाल्या. आत्यानं खटका दाबला. मावशींनी दोन टाके मारले आणि थांबल्या.

“आत्या, तुम्ही असं बघू नका हो. हात थरथरतो माझा. वीज डोक्यावर उभी असल्यावर कसं शिवायचं?”

आत्यानं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं, खटका दाबला आणि सरळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मागे मावशींचं मशीन सुरू झालं. सावकाश, सारखं, वळणावर जरासं मऊ होणारं.

थोड्या वेळानं तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तेही भिंतीकडे तोंड करून.

“सरक जरा,” दादा म्हणाला.

ती सरकली. दोघं बहीणभाऊ रंग उडालेल्या भिंतीकडे बघत राहिले. त्याला राहवेना. त्यानं मान न वळवता कुजबुजत विचारलं, “किती झाली?”

आत्यानं मुठीतलं घड्याळ त्याच्यापासून लांब धरलं.

“होऊ दे रे,” ती म्हणाली. “जेवढी लागतील तेवढी लागू देत.”